आठ आठवड्यांचा फुप्फुस-पुनर्वसन वर्ग: आईच्या निमित्ताने आलेला अनुभव

माझ्या आईने विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. पण तीस वर्षे चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्याने तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार जडला. दम लागेल या धास्तीने तिने जिना, मंडई, देऊळ सारेच सोडले होते. श्वसनविकारतज्ज्ञांनी इनहेलरच्या जोडीला व्यायामवर्ग सुचवला, तेव्हा चार पावलांत धापा टाकणाऱ्या माणसाला व्यायाम कसा झेपणार, अशी शंका मला आली. पुण्यातील एका रुग्णालयात आठवड्यातून तीनदा, असा आठ आठवडे तो वर्ग आम्ही केला.

पहिल्या दिवशी ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर सहा मिनिटे चालायला लावून अंतर मोजले. आई दोनदा थांबली. २१० मीटर झाले. त्यावरून तिच्यापुरता व्यायाम ठरला: चालणे, स्थिर सायकल, खुर्चीतून उठणे-बसणे, पायाला वजन बांधून गुडघा सरळ करणे. "काकू, दम लागू दे, फक्त किती लागतोय ते शून्य ते दहात सांगा," असे फिजिओथेरपिस्ट बाई म्हणत आणि चार-पाचच्या आसपास तिला चालत ठेवत. रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा आकडा ८८ टक्क्यांच्या खाली जाताच मात्र लगेच बसवत. ओठ शीळ घातल्यासारखे करून श्वास इतका सावकाश सोडायचा की समोरच्या मेणबत्तीची ज्योत हलावी, पण विझू नये, हे त्यांनी आईकडून प्रत्येक वर्गात करून घेतले. त्यामुळे श्वासनलिका लवकर मिटत नाहीत आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते.

या व्यायामाने फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले, याचे मला फार मोल वाटते. हालचाल सुटली की मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, थोड्याच श्रमाने थकतात आणि दम आणखी वाढतो. व्यायामाने सुधारतात ते हे स्नायू. शेवटच्या चाचणीत आई न थांबता २७५ मीटर चालली.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. व्यायाम थांबला की काही महिन्यांत फायदा ओसरतो, तरीही वर्ग संपल्यावर घरी काय करायचे, याचा लेखी आराखडा आम्हाला दोनदा मागावा लागला. तो मिळाल्यापासून आई रोज सकाळी आवारात फेऱ्या घालते आणि प्रत्येक फेरीनंतर बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत उतरवते.