तीन वर्षांचं मूल: अंगणवाडी, नर्सरी की आजीजवळ घरीच?

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा आमच्यापुढे तीन वाटा होत्या. घरामागची अंगणवाडी, व्हॅनने जायची इंग्रजी नर्सरी, नाहीतर आजीजवळ घरीच. निर्णयाआधी मी तिन्हीकडे एकेक सकाळ बसून काढली.

नर्सरीत खेळणी भरपूर, भिंती रंगवलेल्या, बाई प्रेमळ. पण सगळी मुलं एकाच वयाची आणि बराच वेळ ठिपक्यांवरून अक्षरं गिरवण्यात जाणारा. एका मुलाने पेन्सिल मुठीत घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात. दुसरी गोष्ट भाषेची. आमची लेक घरी अखंड बोलणारी, तिथे तासभर गप्प बसली. पहिलीत सहाव्या वर्षी जायचं असताना एवढी घाई कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयासाठी खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवरच भर दिला आहे.

अंगणवाडीत खोली एकच, पण तीन ते सहा वयाची मुलं एकत्र. तिथे पाहिलेलं एक दृश्य विसरत नाही. एका छोट्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. पाच वर्षांच्या मुलीने काज्यातून बटण अर्धं बाहेर काढून दिलं आणि म्हणाली, "आता तू ओढ." आज जे दुसऱ्याचा हात धरून जमतं, ते मूल उद्या एकट्याने करतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की सांगत. ते मी त्या बटणात पाहिलं.

अंगणवाडीची कल्पना आपल्या मातीतली आहे. १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं हीच साधनं. आजच्या अंगणवाड्या जिच्यात चालतात ती सरकारी एकात्मिक बालविकास योजना पुढे २ ऑक्टोबर १९७५ला आली. आहार, वजन-उंची, लसीकरण हे सगळं तिच्यात येतं आणि फी नाही. उणीव मात्र खरी आहे. सेविकेवर नोंदींचा भार इतका की काही ठिकाणी मुलांसाठी वेळच उरत नाही. म्हणून अंगणवाडी निवडताना सेविका बघा, इमारत नंतर.

आजीजवळ बोलणं सर्वांत जास्त. मटार सोलताना "या शेंगेत किती दाणे असतील गं?" असं विचारून ती शेंग उघडायच्या आधी थांबते. हे थांबणं फार मोलाचं, मूल तेवढ्यात विचार करतं. पण शेजारी मुलं नसतील तर भांडणं, वाटून घेणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे शिकायचं कोणाबरोबर? आणि आजी थकली की टीव्ही लागतो.

आम्ही सकाळी अंगणवाडी आणि दुपारी आजी असं ठरवलं. दोघं नोकरीला असाल, घरी कोणी नसेल, तर दिवसभराची नर्सरी किंवा पाळणाघर घ्यावंच लागेल, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. मात्र प्रवेशाआधी तासभर आत बसू द्या म्हणून आग्रह धरा. एखादं मूल रडायला लागलं की बाई आधी काय करतात, त्याच्याजवळ खाली बसतात की लांबूनच "गप्प" म्हणतात, तेवढं नीट पाहा.