अपूर्ण प्रभाविता आणि सहप्रभाविता: ओळखायचं कसं?

परीक्षेत या दोघींची हमखास गल्लत होते. दोन्हींत जनुकाचं एक रूप दुसऱ्याला पूर्ण झाकत नाही, आणि दुसऱ्या पिढीत दिसणाऱ्या लक्षणांचं प्रमाणही सारखंच येतं, 1:2:1. मेंडेलच्या वाटाण्यातलं 3:1 (तिघांत प्रभावी लक्षण, एकात एरवी झाकलं जाणारं, म्हणजे अप्रभावी) इथे नाही. म्हणून गुणोत्तरावर विसंबू नका, संकरजाकडे, म्हणजे दोन्ही रूपं मिळालेल्या संततीकडे, नीट बघा.

गुलबक्षीच्या लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला की पहिल्या पिढीत गुलाबी फुलं येतात. त्यांच्यात रंगद्रव्य बनवणाऱ्या रूपाची एकच प्रत असल्याने रंग फिका पडतो. ही अपूर्ण प्रभाविता. गुलाबी झाडांच्या पुढच्या पिढीत लाल आणि पांढरी फुलं पुन्हा येतात, म्हणजे जनुकं मिसळलेली नसतातच.

सहप्रभावितेत असं मधलं काही नसतं, दोन्ही रूपांचे परिणाम एकत्र, पूर्ण दिसतात. एबी रक्तगटात ए रूपाचं विकर (एन्झाइम) तांबड्या पेशीवरच्या एच प्रतिजनाला (पेशीची ओळख ठरवणाऱ्या रेणूला) एक शर्करा जोडतं, बी रूपाचं वेगळी. म्हणून काचपट्टीवर अँटी-ए आणि अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी चाचणीद्रव्यं), दोन्ही थेंबांत रक्ताच्या गुठळ्या दिसतात.

मला सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं ते सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण. विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे. वाहकाच्या (एक सामान्य आणि एक सिकल रूप असलेल्याच्या) रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन बनतं, म्हणून ती सहप्रभाविता. पण वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणून आजार मात्र अप्रभावी. प्रश्न हिमोग्लोबिनबद्दल आहे की आजाराबद्दल, ते आधी वाचा.