एकोणिसाव्या वर्षी लग्न, मूल मात्र इतक्यात नको: गोळी, इंजेक्शन की कॉपर-टी?

अठरा-एकोणीस वर्षांच्या, नुकतंच लग्न झालेल्या मुली हमखास एकच विचारतात: "ताई, सगळ्यात चांगलं साधन कोणतं?" त्यावर माझे दोन प्रश्न असतात. मूल किती वर्षं नको? आणि घरात हे कुणाला कळलेलं चालेल? मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. साधन कितीही खात्रीचं असू दे, सासूच्या हाती पाकीट लागलं आणि महिन्याभरात बंद पडलं तर ती खात्री कुठे गेली?

बहुतेकींची खरी निवड माला-एन गोळी आणि अंतरा इंजेक्शन या दोघांतच असते. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. रोज एक, ठरल्या वेळी. पाळी वेळेवर येते, रक्तस्राव कमी होतो, पोटदुखीही हलकी होते. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा हा फायदा छोटा नाही. मूल हवं झालं की गोळी थांबवायची, फारसं थांबावं लागत नाही. अडचण एकच, विसरण्याची. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, पण असं वारंवार होऊ लागलं तर हे साधन तुझं नव्हे. डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी, वाढलेला रक्तदाब, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी यांपैकी काही असेल तर ही गोळी नको. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने आणि मिरगीच्या काही औषधांनी तिचा परिणाम कमी होतो. म्हणून कोणतं औषध चालू आहे ते आधी सांगायचं.

अंतरा तीन महिन्यांतून एकदा. घरात पाकीट नाही, रोजची आठवण नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यातल्या मुलीला मी आधी हेच सुचवते, कारण कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, राहून पहाटे उसाच्या फडात जाणारीला गोळीची वेळ सांभाळणं फार अवघड. पण अंतराने पाळीचं गणित बिघडतं. सुरुवातीला मधूनच डाग दिसतात, पुढे कित्येकींची पाळी थांबते. शरीराला त्याचा अपाय नाही. त्रास होतो तो घरात. पाळीला बाजूला बसवणाऱ्या घरात अधूनमधून दिसणारा डागसुद्धा लपत नाही, आणि पाळी थांबली की "दिवस गेले का?" असं विचारणं सुरू होतं. हे आधी माहीत नसलेल्या मुली घाबरून दुसरं इंजेक्शन घ्यायला येतच नाहीत. दुसरी गोष्ट, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बहुधा सात ते दहा महिने लागतात. वंध्यत्व येत नाही, उशीर होतो. म्हणून वर्षभरातच मूल हवं असेल तर माला-एन, दोन-तीन वर्षं नको असेल तर अंतरा, असं माझं मत.

छाया या दोघींहून वेगळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी, हिच्यात संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. पाळीचा पहिला दिवस रविवार असेल तर रविवार-बुधवार, पुढे फक्त रविवार. अंगावर पाजणारीलाही चालते. पाळी मात्र लांबू शकते, आणि पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करायची.

कॉपर-टी गर्भाशयात बसवतात. मूल न झालेल्या मुलीला ती बसत नाही, असं अजूनही ऐकू येतं. बसते. एक प्रकार पाच वर्षं चालतो, दुसरा दहा. या वयात ती आपोआप बाहेर येण्याची शक्यता थोडी जास्त, आणि पहिले काही महिने रक्तस्राव व पोटदुखी वाढते. अंगात रक्त फार कमी असेल तर मी तिची घाई करत नाही.

चुकाविसरांसकट वर्षभर वापरलं तर शंभर जणींपैकी साधारण किती जणींना दिवस राहतात? निरोधवर १३, माला-एनसारख्या गोळीवर ७, अंतरावर ४, कॉपर-टीवर एकीहूनही कमी. आकड्यांत निरोध मागे पडतो, तरी एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून वाचवणारं साधन तेवढंच. म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या साधनासोबत निरोधही वापरावा. नवऱ्याचाही यात वाटा हवा.

मेडिकलमधली ७२ तासांची गोळी, म्हणजे साधनाविना संबंध आला तर तेवढ्या वेळात घ्यायची गोळी, अडीअडचणीसाठी आहे. जितकी लवकर घ्यावी तितकी बरी. दर महिन्याला घेण्याची ती वस्तू नव्हे.

अठरा वर्षं पूर्ण असतील तर यातल्या कशालाही नवऱ्याची वा सासूची परवानगी लागत नाही. कुणी मागितली तर तसं स्पष्ट सांग. समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, आणि आजही दवाखान्याच्या खिडकीवर मुलीलाच लाजवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. तिथे विचारायला जड जात असेल तर आशाताईला गाठ, नाहीतर सरकारी रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये जा. अठराच्या आतल्या मुलींनाही शंका विचारायला ती जागा आहे.

अंतरा घेणार असशील तर कार्ड जपून ठेव आणि तोडणीला निघायच्या आधी तारीख बघ. पुढचं इंजेक्शन तारखेच्या दोन आठवडे आधीही घेता येतं, आणि चार आठवडे उशीर झाला तरी चालतं. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच कार्ड दाखवायचं.