रोज साठ किलोमीटर: स्प्लेंडर, शाइन की प्लॅटिना?

भाच्याला जळगावच्या एमआयडीसीत काम लागलं, त्याच दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, कोनती गाडी लेऊ?" त्याचं गाव धरणगाव तालुक्यात. घरात गाडी एकच राहणार. रोज तो कामावर नेणार, सुटीच्या दिवशी त्याचे वडील शेतात नेणार आणि लग्नकार्याला त्याची आई मागे एका अंगाला पाय सोडून बसणार. म्हणजे गाडी एकाची नाही, तिघांची. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच असतं, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

मी एरंडोलहून जळगावला दालमिलमध्ये हिशेबाच्या कामाला जातो, २२ वर्षं झाली. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. घरची स्प्लेंडर आहेच. बाकीच्या गाड्या मेहुण्याच्या, शेजाऱ्यांच्या, मिलमधल्या सोबत्यांच्या. प्रत्येकीशी आठ-आठ दिवस अदलाबदल करून त्याच रस्त्याने, त्याच वेळेला चालवल्या. पिंपळकोठा, पाळधी, बांभोरी, गिरणेचा पूल आणि मग जळगावची गर्दी. त्याआधी घरापासून महामार्गापर्यंतचा तीन किलोमीटरचा उखडलेला रस्ता. कोणत्याही गाडीची खरी परीक्षा त्या तीन किलोमीटरवर होते.

आधी ॲव्हरेजचं बोलू, कारण पहिला प्रश्न तोच येतो. महिन्याला २५ दिवस, रोज ६० किलोमीटर, म्हणजे १५०० किलोमीटर. एका गाडीने लिटरला ६० दिले आणि दुसरीने ७०, तर पहिलीला २५ लिटर लागतं, दुसरीला साडेएकवीसच्या आत. पेट्रोल १०५ रुपये धरलं तरी फरक महिन्याला पावणेचारशेच्या आसपास. रक्कम लहान नाही, पण तेवढ्यासाठी रोज दोन तास कंबर दुखवून घ्यावी इतकी मोठीही नाही. शिवाय या वर्गातल्या गाड्या नीट चालवल्या तर ॲव्हरेजमध्ये एकमेकींपासून फार लांब जात नाहीत. उजवा हात किती पिळता, हवा कधी तपासता आणि एअर फिल्टर कधी साफ करता, यावर जास्त अवलंबून असतं.

स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे. इंजिन ९७.२ सीसी, ताकद ८ पीएसच्या जवळपास, वजन ११२ किलो. चारही गिअर पुढे दाबायचे, त्यामुळे ज्याने एकदा ही गाडी चालवली त्याचा पाय विचार न करता चालतो. चाळीस-पन्नासच्या वेगात ती इतकी शांत असते की इंजिनाकडे लक्षच जात नाही. साठच्या पुढे फूटरेस्टमधून आणि हँडलमधून थरथर जाणवायला लागते, आणि ते १०० सीसीच्या कुठल्याही गाडीत थोडंफार होतंच. तिच्यात आय थ्री एस म्हणून सोय आहे: सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की काही सेकंदांत इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की चालू. आकाशवाणी चौकात पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी गाडी बंद पडली समजून किक शोधत होतो. आता सवय झाली.

तिचे शॉकअप मात्र प्लॅटिनाच्या मानाने कडक आहेत. खड्डा आला की कंबरेला कळतो. त्या बदल्यात काय मिळतं? चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे धूळ कमी बसते. कोणत्याही गावात, अगदी चार दुकानांच्या फाट्यावरही तिचा मिस्त्री मिळतो आणि क्लचप्लेटपासून ब्रेक शूपर्यंत सगळं त्याच्या खोक्यात पडलेलं असतं. विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात. ज्याला गाडी पाच वर्षांनी बदलायची आहे त्याने हे वजनात धरावं.

शाइन १०० ही २०२३ मध्ये आली. वजन फक्त ९९ किलो. कागदावर १३ किलोचा फरक लहान वाटतो, हातात घेतल्यावर नाही. आमच्या आळीत गाडी वळवायची तर मागे-पुढे तीनदा करावं लागतं. ही गाडी एका हाताने सीट धरून फिरवता येते. मेन स्टँडवर चढवताना दम लागत नाही. शेजारच्या वहिनी, ज्यांनी आधी फक्त स्कूटी चालवली होती, त्या दोन दिवसांत हिच्यावर सरावल्या. तिचा जोर खालच्या वेगात मिळतो, स्प्लेंडरपेक्षा इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर. बैलगाडीच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये अडकलात तरी गाडी कण्हत नाही, गिअर पाडावा लागत नाही. गावात, बाजारात, पंधरा-वीस किलोमीटरच्या फेऱ्यांना हिच्याइतकी सोपी गाडी मला दुसरी वाटली नाही.

पण महामार्ग चौपदरी झाल्यापासून ट्रकचा वेग वाढला आहे. गिरणेच्या पुलावर आडवं वारं असतं आणि त्यातच बाजूने ट्रक गेला की हलकी गाडी हातभर सरकल्यासारखी वाटते. हा कुणाचा दोष नाही, वजनाचा हिशेब आहे. हाताला कळतं, खांदे आपोआप आवळले जातात, आणि तीस किलोमीटर आवळलेल्या खांद्यांनी गेल्यावर मान धरते.

आता प्लॅटिना ११०. हिच्याविषयी जास्त लिहितो, कारण आठ दिवस संपल्यावर परत द्यायला माझं मन झालं नाही. ११५ सीसीचं इंजिन, ११ लिटरची टाकी, खाली २०० मिलिमीटर मोकळी जागा, मी चालवलेल्या गाडीला पाच गिअर. पुढचा शॉकअप १३५ मिलिमीटर दबतो, मागचा ११०. या आकड्यांचा अर्थ मला डब्याने सांगितला. बुधवारी घरी शेवभाजी होते. डबा पिशवीत, पिशवी हँडलला. जळगावला पोचेपर्यंत झाकणाच्या कडेने लाल तेलाचा ओघळ पिशवीवर आलेला असतो आणि पिशवी दर बुधवारी धुवावी लागते. प्लॅटिनावर दोन बुधवार गेलो. पहिल्या दिवशी ओघळ नव्हता, मला वाटलं रस्सा घट्ट झाला असेल. दुसऱ्या बुधवारी मुद्दाम पातळ रस्सा भरून घेतला. पोचल्यावर झाकण उघडलं तर तवंग जागच्या जागी होता, पिशवी कोरडी. त्या तीन किलोमीटरच्या रस्त्यावर माझ्या कंबरेचं काय होत होतं, ते मला तेव्हा नीट समजलं.

पाचव्या गिअरमुळे पंचावन्न-साठला इंजिन मोकळं वाटतं. सीट लांब आणि मऊ, मागे बसणाऱ्याला खरोखर जागा आहे. माझी पत्नी पारोळ्यापर्यंत मागे बसून आली आणि उतरल्यावर कंबरेला हात लावला नाही.

अडचण आहे ती उंचीची. सीट ८०७ मिलिमीटरवर आहे. स्प्लेंडर ७८५, शाइन १०० ची ७८६. दोन सेंटिमीटरचा फरक, पण ज्याची उंची सव्वापाच फुटांच्या आत आहे त्याला तोच भारी पडतो. बसल्यावर शॉकअप दबून गाडी थोडी खाली येते हे खरं, तरी दोन्ही तळवे जमिनीवर टेकत नाहीत. डांबरावर चालून जातं. शेतरस्त्यावर नाही.

आणि शेतरस्ता म्हणजे आपली काळी माती. जूनमध्ये दोन पाऊस झाले की तिचा रेंदा होतो, टायर आणि मडगार्डच्या मध्ये इतका गच्च बसतो की चाक फिरायचंच थांबतं. मग उतरायचं, पऱ्हाटीची काडी शोधायची आणि वाकून तो गोळा खरवडून काढायचा. दहा पावलं चाललं की परत तेच. तिथे कोणत्याही कंपनीची गाडी असो, सारखीच अडते. फरक पडतो तो एवढाच की गाडी ढकलताना ती किती जड आहे आणि पाय जमिनीला पुरतात का. ९९ किलोची गाडी अशा वेळी देवासारखी वाटते.

टीव्हीएस रेडिऑनवर थोडक्यात. ११० सीसी, चाकं १८ इंची, टाकीला दोन्ही बाजूंनी मांडीला टेकायला रबरी पॅड. हे पॅड मला दिखाऊ वाटायचे. पण वळणावर गुडघे तिथे नीट बसतात आणि हातावरचा भार कमी होतो. इंजिन कमी फेऱ्यांवर चांगलं ओढतं. स्प्लेंडरची सवय आणि प्लॅटिनाचा आराम यांच्या मधली गाडी. तुमच्या गावाजवळ तिचं चांगलं सर्व्हिस सेंटर असेल तर जरूर पाहा.

शाइन १२५ माझ्या भाच्याच्या मनात होती. १२४ सीसी, पावणेअकरा पीएस, पाच गिअर. सेल्फ दाबल्यावर खर्र असा आवाजही येत नाही. महामार्गावर ट्रकला मागे टाकताना १०० सीसीत आधी अंदाज घ्यावा लागतो, समोर किती मोकळं आहे ते पाहावं लागतं, मग मन घट्ट करून पिळावं लागतं. हिच्यावर ते सहज होतं. चाळीसगावहून कन्नडचा घाट डबलसीट चढलो. १०० सीसीला जिथे दुसऱ्यावर यावं लागतं तिथे ही तिसऱ्यात चढत होती. ज्याचं रोजचं जाणं-येणं सगळं महामार्गावर आणि तेही डबलसीट, त्याने वरचे काही हजार खुशाल घालावेत. भाच्याचं तसं नाही. त्याचा अर्धा रस्ता खड्ड्यांचा आणि तो एकटाच जाणार.

मे महिन्याचं एक सांगायला हवं. पारा ४४-४५ ला गेला की दुपारी परत येताना या सगळ्याच गाड्यांचं इंजिन नडगीला भाजतं. साठच्या खाली ठेवा, सुती पँट घाला, पाळधीला सावलीत दहा मिनिटं थांबा. त्याला दुसरा इलाज नाही. बाभळीच्या काट्याचंही तसंच. टायर ट्यूबलेस आहे की नाही, हे त्याच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्ये बदलतं. पैसे भरण्याआधी विचारा.

ब्रेकबद्दलही एक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे जोडलेला ब्रेक असतो: पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. जुन्या गाडीवरून आलेल्याला पहिले काही दिवस गाडी नाक खाली घालते असं वाटतं. वडिलांना गाडी देण्याआधी मोकळ्या मैदानात चार फेऱ्या मारायला लावा.

किमतीत शोरूमचा आकडा पाहू नका, ऑनरोड, म्हणजे नोंदणी-विम्यासकटची किंमत विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुने ऐकलेले आकडे धरू नका. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो, तो धक्का आयत्या वेळी बसायला नको.

भाच्याला मी म्हटलं, तू एकटाच चालवणार असतास तर डोळे मिटून प्लॅटिना ११० सांगितली असती. पण दाजी सव्वापाच फुटांच्या आतले आहेत आणि फवारणीचा पंप मागे बांधून तेच शेतात जाणार. म्हणून शोरूमला एकटा जाऊ नकोस. दाजींना ने, ताईलाही ने. दाजींना प्लॅटिनावर बसव, दोन्ही टाचा कुठे येतात ते खाली वाकून बघ. टाचा अधांतरी राहिल्या तर शाइन १०० किंवा स्प्लेंडर, दोन्हींत दाजींना जी हलवायला सोपी वाटेल ती. ताईला साडीत मागे बसव, पाय ठेवायला पट्टी पुरते का विचार. आणि चक्कर मारायला देतील तेव्हा शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरून परत येऊ नकोस. विनंती कर, आणि जवळचा एखादा खराब रस्ता गाठ.