सम्राट माइया की हिशेबनीस बारू?

दोन्ही फँटसी कादंबऱ्यांत जादू जेमतेम किंवा नाहीच, राजकारण मात्र भरपूर. कॅथरीन ॲडिसनच्या ‘द गॉब्लिन एम्परर’मध्ये (२०१४) बाप आणि सावत्र भाऊ हवाई जहाजाच्या (एअरशिपच्या) अपघातात गेल्यामुळे, दूर कुठेतरी अडगळीत वाढलेला माइया अठराव्या वर्षी सम्राट होतो. कारस्थानं आहेतच, पण खरी गोडी त्याच्या अवघडलेपणात. कुणाशी काय बोलावं कळत नाही, अंगरक्षक क्षणभर एकटं सोडत नाहीत, तरी नदीवरच्या पुलाचा प्रस्ताव तो मन लावून ऐकतो. नावं मात्र जिभेची परीक्षा घेणारी.

सेथ डिकिन्सनच्या ‘द ट्रेटर बारू कॉर्मोरंट’मधली (२०१५) बारू अगदी उलट. ज्या साम्राज्याने तिचं बेट गिळलं, त्याच्याच नोकरीत शिरून ते आतून पोखरायचं, हा तिचा डाव. हत्यार? हिशेबाच्या वह्या. बंड मोडायला ती चक्क चलनच कोसळवते! तलवारबाजीपेक्षा मला याचीच जास्त धडकी भरली. किंमत तिला जवळच्या माणसांत मोजावी लागते.

दमलेल्या दिवसांत माइया बरा. बारू मन घट्ट असताना वाचा, आणि शेवट आधी कुणालाही विचारू नका.