घरी येणारी हॉस्पिस (अखेरच्या आजारपणातली काळजी) सेवा: आईच्या ॲलर्जीची नीट चौकशी केली

आईच्या जुन्या फाइलवर ‘ॲलर्जी: पेनिसिलिन, मॉर्फिन’ एवढंच लिहिलेलं. पहिल्याच भेटीत सिस्टरांनी विचारलं, “नेमकं काय झालं होतं?” पेनिसिलिनने ओठ सुजले होते, धाप लागली होती; ती खरी ॲलर्जी. मॉर्फिन या वेदनाशामकाने नुसती मळमळ झाली होती, तो दुष्परिणाम. डॉक्टरांनी उलटीच्या गोळीसोबत मॉर्फिनचा अगदी कमी डोस सुरू केला आणि कित्येक दिवसांनी आई रात्रभर शांत झोपली. ‘ॲलर्जी’ या एका शब्दापायी तिने किती सोसलं असतं! औषधांच्या डब्यावर सिस्टरांनी लाल अक्षरांत चिकटवलंय: ‘पेनिसिलिन नको, अमॉक्सिसिलिनही नको.’ (तेही पेनिसिलिनच्याच गटातलं.) सेवेच्या रात्रीच्या फोनवर बोलणाऱ्यांकडे मात्र ही नोंद नव्हती. मलाच सगळं पुन्हा सांगावं लागलं. ते सुधारायलाच हवं.