मास्टर्ससाठी जर्मनी की ब्रिटन? आजची फी बघा, उद्याचे नियमही बघा

परदेशात मास्टर्स करायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो. जर्मनीत फुकट, ब्रिटनमध्ये लाखांत, एवढ्यावर बरेच जण ठरवून मोकळे होतात. माझं म्हणणं, दोन्ही सरकारं कुठे वळताहेत तेही बघा. आज अर्ज करणारा नोकरी शोधायला लागेल तोवर नियम बदललेले असतील.

ब्रिटनमध्ये बहुतेक मास्टर्स वर्षात उरकतं. भाषेची अडचण नाही. पण जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्सला जाणाऱ्याला नवरा, बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत. शिक्षणानंतर दोन वर्षं राहण्याची मुभा होती. १ जानेवारी २०२७ पासून या मुभेसाठी अर्ज करणाऱ्यांना ती १८ महिन्यांचीच मिळेल. फी उतरेल ही आशाही नको. इंग्लंडमधल्या स्थानिक मुलांची पदवीची वार्षिक फी २०१७ पासून ९,२५० पौंडांवर अडकली होती, २०२५ मध्ये जेमतेम ९,५३५ झाली. महागाईत पडलेला खड्डा विद्यापीठं परदेशी मुलांच्या पैशांतून बुजवतात.

जर्मनीत मात्र फीचा निर्णय राज्यांच्या हातात, म्हणून 'जर्मनी फुकट' हे वाक्य अर्धवट आहे. बाडेन-व्युर्टेंबर्गने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले. बव्हेरियाने कायदा बदलून विद्यापीठांना मोकळीक दिली आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशाच विद्यार्थ्यांकडून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो घेऊ लागलं. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजून सेमिस्टरची किरकोळ वर्गणीच भरावी लागते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, पण ती फी नव्हे. महिन्याला ९९२ याप्रमाणे आपलेच पैसे परत हातात येतात. एपीएस प्रमाणपत्रासाठी, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्यासाठी, वेळ राखून ठेवा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, म्हणजे ब्रिटनची जुनी आघाडी आता संपत आली.

खरी किंमत भाषेची. कोर्स इंग्रजीत मिळतो, पण पुढची नोकरी बहुतेकदा जर्मन मागते. माझ्या भाचीने घरभर जर्मन नामांचं लिंग सांगणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या, दारावर 'डी', टेबलावर 'डेअर'. आपल्यासारखीच तीन लिंगं, पण आपलं ते दार तिथे स्त्रीलिंगी आणि ते टेबल पुल्लिंगी! वर्षभर रोज पहाटे तासभर ती हेच घोकत होती.

इंजिनिअरिंग किंवा विज्ञान शाखा असेल, दोन वर्षं द्यायची तयारी असेल आणि घरावर कर्ज काढायचं नसेल, तर मी बिनदिक्कत जर्मनी म्हणेन. हातात दोन-चार वर्षांचा अनुभव आहे, वर्षभरात परतायचं आहे, पैशांची सोय आहे, अशांनी ब्रिटनला जावं. तिथल्या नोकरीच्या भरवशावर कर्ज काढणार असाल तर मात्र हप्त्याचा हिशेब इथल्या पगारावर मांडून बघा, आणि तो बसला तरच सही करा.